१९९४ ची मियाटा: छत उघडं असतानाही नीट ऐकू येईल अशी साउंड सिस्टीम

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत विकली गेलेली १९९४ ची माझदा मियाटा, डावीकडे स्टिअरिंग, कापडी छत. दारातले स्पीकर फाटक्या आवाजात वाजतात, आधीच्या मालकाने बसवलेल्या रेडिओमागे तारांचा गुंता आहे आणि हायवेवर छत उघडलं की गाण्यातलं काहीच कळत नाही. गाडीचा पत्रा कापायचा नाही, डिकी भरून टाकायची नाही. नवा महाग रेडिओ घेतला की काम होईल का?

नाही होणार. रेडिओ बदलून या गाडीत सगळ्यात कमी फरक पडतो. पैसे आणि मेहनत आधी दारात घाला, मग अँप्लिफायरमध्ये, आणि रेडिओचं शेवटी बघा.

उघड्या गाडीत आवाजाचं नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची निवड सोपी जाते. बंद गाडीत साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालच्या बासला केबिनच उचल देते, कारण बंदिस्त हवेवर दाब तयार होतो. छत उघडलं की ही फुकटची उचल गेली. त्यात ताशी १०० किलोमीटरला वारा आणि टायर यांचा जो घोंगावता आवाज येतो, त्याचा जोर नेमका खालच्या पट्टीतच असतो, म्हणजे तो बासलाच झाकतो. म्हणून छत उघडं असताना ४० हर्ट्झच्या मागे लागू नका. ८० ते ३०० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे ढोलकीचा ठोका, तबल्याचा बायाँ, बास गिटारचा भरीव भाग आणि पुरुष गायकाचा खर्ज, भरदार असेल तर गाणं भरलेलं वाटतं. आणि हा पट्टा दारातला स्पीकरच देतो.

दार

मूळ स्पीकर साडेसहा इंची. एवढ्या वर्षांत त्यांची कागदी शंकू आणि कडेचा फोम कुजलेला असतो, त्यामुळे दुरुस्तीच्या फंदात पडू नका. नवा घेताना व्यासापेक्षा खोली जास्त महत्त्वाची. खिडकीची काच खाली उतरली की स्पीकरच्या चुंबकाच्या अगदी जवळून जाते. साधारण २ इंचांच्या आतली खोली असलेला स्पीकर आणि खाली तो पत्र्यापासून उचलणारी अर्धा-पाऊण इंचाची रिंग, हे गणित बहुधा जमतं, पण अंदाजावर सोडू नका. चुंबकाच्या मागे मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा बोटभर गोळा चिकटवा, स्पीकर दोन स्क्रूंवर तात्पुरता बसवा, काच सावकाश पूर्ण खाली घ्या, परत वर घ्या, आणि गोळा काढून बघा. माती चेपून ६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर रिंग जाड करा. ही तपासणी दोन्ही दारांना वेगळी करा. जुन्या गाडीत काचेची यंत्रणा दोन्ही बाजूंना सारखी झिजलेली नसते.

रिंग साध्या एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या फळीची) नको. मियाटाच्या दारात पावसाचं पाणी येतंच: काचेच्या बाहेरच्या रबराजवळून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, अशीच दाराची रचना आहे. एमडीएफ दोन पावसाळ्यांत फुगून भुसा होतो. एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकची रिंग घ्या. एमडीएफच वापरायची वेळ आली तर कडांसकट इपॉक्सीचे दोन हात द्या.

डोअर पॅड काढताना घाई नको. हे पॅड दाबलेल्या लगद्याच्या पुठ्ठ्याचं आहे आणि क्लिप त्या पुठ्ठ्यातच अडकवलेल्या असतात. आधी आतल्या हँडलभोवतीचा आणि ओढायच्या मुठीचा स्क्रू काढा. मग प्लास्टिकची चपटी पट्टी थेट क्लिपच्या शेजारी घालून एकेक क्लिप सोडवा. कोपऱ्याला धरून ओढलंत तर क्लिप दारात राहते आणि पुठ्ठ्याचा रुपयाएवढा तुकडा तिच्यासोबत फाटतो. एक डझन क्लिपा आधीच आणून ठेवा, दोन-चार मोडणारच. पॅडची खालची कड फुगून सुटी झाली असेल तर मागून पातळ फायबरग्लास कापड इपॉक्सीने चिकटवलं की ती पुन्हा धरते.

पॅडमागे काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाडून फेकून देणं ही इथली नेहमीची चूक. हा पडदा दारातलं पाणी पुठ्ठ्यापर्यंत येऊ देत नाही. तो गेला की एका वर्षात डोअर पॅड कुजतं आणि गालिचा ओला राहू लागतो. डिंक थंडीत ठिसूळ होतो, उन्हात किंवा हेअर ड्रायरने सैल होतो, तेव्हा गरम करून अलगद सोलून घ्या.

आता खरं काम. स्पीकरची पाठ म्हणजे दाराची पोकळी. तिथून निघालेला आवाज आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून पुढे आला की समोरच्या आवाजाला छेद देतो आणि बास विरतो. तीनशे डॉलरचा स्पीकर उघड्या दारात बसवला तर शंभर डॉलरच्यासारखाही वाजत नाही. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या बरोबर मागे आणि आजूबाजूला, २ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियम पाठीची ब्यूटिल (चिकट रबराची) शीट लावा. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. पत्र्याची थरथर तेवढ्याने मरते. त्यापुढे लावलेली शीट म्हणजे निव्वळ वजन, दर चौरस मीटरला तीन किलोच्या वर, आणि ही गाडी तिच्या हलकेपणासाठीच घेतलेली असते. आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे कापून वर ब्यूटिल लावा. ते पुढे उचकटता यायला हवेत, कारण काचेची मोटर किंवा केबल बदलायला त्याच भोकांतून हात घालावा लागतो.

चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि शीट रोलरने दाबून बसवा. छताच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त असते म्हणून घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती वितळून घसरते आणि नेमकी तळाच्या पाणी जायच्या भोकांवर जाऊन बसते. ती भोकं बुजली की दाराची खालची कड आतून गंजते. काम संपल्यावर दारात एक लिटर पाणी ओता आणि ते खालून पूर्ण बाहेर येतं का ते बघा.

स्पीकर बसवल्यावर त्याची पुढची कड आणि डोअर पॅडची मागची बाजू यांच्यामध्ये बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची पट्टी गोल फिरवा, नाहीतर निम्मा आवाज पॅडच्या मागेच फिरत राहतो. जाळी बसवून बोटाने दाबून बघा. रिंग जाड झाली असेल तर स्पीकरचा मधला भाग जाळीला टेकतो आणि ठरावीक सुरावर खरखर येते. मग लोक स्पीकरच खराब म्हणून परत करतात.

कोअ‍ॅक्सिअल (उंच पट्टीचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, मोठ्याच्याच मधोमध बसवलेला) घ्यायचे की वेगळ्या ट्वीटरचे कंपोनंट? या गाडीत कंपोनंट. दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर आहे आणि गाडी चालवताना पाय नेमका त्याच्या समोर येतो. उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो, तो पायातच मुरतो. ट्वीटर आरशाच्या आतल्या त्रिकोणी प्लास्टिकवर, समोरच्या माणसाच्या कानाकडे तोंड करून लावा. तो त्रिकोण सुटा मिळतो, त्यामुळे मूळचा जपून ठेवून दुसऱ्यावर भोक पाडा. क्रॉसओव्हरची (उंच आणि खालची पट्टी वेगळी करणारी) डबी पडद्याच्या कोरड्या बाजूला, पॅडमागे बसवा, पोकळीत कधीच नको. घेताना संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॉटला किती आवाज निघतो त्याचा, आकडा बघा. ९० आणि ९३ डेसिबलमधल्या तीन डेसिबलसाठी अँप्लिफायरला दुप्पट वॉट द्यावे लागतात. उघड्या गाडीत हे तीन डेसिबल फार मोलाचे.

दारात नवी जाड वायर ओढण्यासाठी बिजागरीजवळ भोक पाडायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. ५० वॉटला ४ ओहमवर साधारण साडेतीन अँपिअर करंट जातो. दोन मीटर लांबीच्या पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याने आवाज पाव डेसिबलही कमी होत नाही. मूळ रबरी नळीतली मूळ तार सुस्थितीत असेल तर तीच वापरा. फक्त दोन्ही टोकांचं तांबं बघा: हिरवं-काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा.

मागच्या मालकाने तारा उलट-सुलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी. रेडिओमागून सुटी केलेली प्रत्येक जोडी दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक ज्या तारेला लागल्यावर शंकू बाहेर येते ती धन तार. हे फक्त मोठ्या स्पीकरवर, ट्वीटरवर नाही. एक दार जरी उलटं राहिलं तरी दोन्ही दारांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो, आणि मग माणूस उगाच सबवूफर (फक्त खोल बासचा मोठा स्पीकर) शोधत फिरतो.

वीज आणि अँप्लिफायर

इथे ही गाडी तुमच्या बाजूने आहे. बॅटरी डिकीत, उजवीकडे. बाकी गाड्यांत इंजिनपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर जाड केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) ओढावी लागते, इथे अँप्लिफायर डिकीत ठेवला तर एक मीटर पुरते. पण त्याच कारणाने बॅटरी हवी तशी टाकून चालत नाही. सीलबंद एजीएम प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी जोडता येणारी घ्या आणि ती नळी जोडलेली आहे ना हे बघा. साधी पाण्याची बॅटरी ठेवली तर आम्लाची वाफ डिकीचा पत्रा आणि तुमचं नवं सामान दोन्ही खाते.

चार चॅनलचा, क्लास डी (कमी वीज खाणाऱ्या) प्रकारचा, दर चॅनलला ४ ओहमवर ५० ते ७५ खरे वॉट देणारा छोटा अँप्लिफायर घ्या. पहिले दोन चॅनल दारांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक मोठा चॅनल करून, सबवूफरला. रेडिओच्या खोक्यावर '५० × ४' लिहिलेलं असलं तरी त्याचे सलग मिळणारे वॉट २० च्या आसपासच असतात. वाऱ्यापुढे आवाज वाढवला की सिग्नलच्या लाटेचे शेंडे कापले जातात, आणि अशा कापलेल्या सिग्नलने ट्वीटर जळतात. स्पीकर फक्त 'जास्त वॉटने'च जळतात असं नाही, कमी ताकदीचा अँप पिळल्यानेही जळतात.

करंटचा हिशोब: ५० वॉटचे चार म्हणजे २००, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २५० वॉट, १३.८ व्होल्टला १८ अँपिअर, तेही पूर्ण जोरावर. प्रत्यक्ष गाण्यात सरासरी याच्या एक तृतीयांशही नसते. म्हणून अल्टरनेटर बदलायची गरज नाही. ८ गेजची शुद्ध तांब्याची केबल आणि ४० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम केबल स्वस्त मिळते, पण त्याच जाडीत ती कमी करंट नेते आणि टोकाशी गंजते.

अँप्लिफायर बसवताना सेल्फ-टॅपिंग स्क्रू पत्र्यात मारू नका. सीटच्या मागच्या फळीखाली आणि डिकीच्या पुढच्या भिंतीपलीकडे पेट्रोलची टाकी आहे. वरून तो नुसता गालिचा आणि पत्रा दिसतो. ६ मिलिमीटरच्या प्लायवर अँप बोल्ट करा आणि तो प्लाय डिकीतल्या आधीच असलेल्या बोल्टांना धरवा. अँपची अर्थची (ऋण) तार बॅटरीच्या ऋण केबलचा बोल्ट जिथे बॉडीला लागतो तिथेच द्या, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून थोडं ग्रीस.

सीटमागे जमिनीवर अँप ठेवायचा मोह होईल. छताच्या मागच्या कडेचं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली उतरून मागच्या चाकापुढे बाहेर पडतं. या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी थेट सीटमागे येतं. अँप कुठेही ठेवलात तरी त्या नळ्या लवचीक प्लास्टिकच्या दोरीने साफ करून घ्या. कडक तार घालू नका, नळी फाटते.

डिकीत जायच्या तारा कमी आहेत: रेडिओकडून आरसीए (सिग्नल नेणारी केबल) आणि रिमोट (अँप चालू-बंद करणारी तार), परत येताना स्पीकरच्या जोड्या. नऊ पदरी स्पीकर केबल मिळते, चार जोड्या आणि एक रिमोट, त्यात आरसीए सोडून सगळं सुटसुटीत जातं. बॅटरी उजवीकडे असल्याने आरसीए डाव्या उंबरठ्याच्या पट्टीखालून न्या आणि मागच्या दिव्यांचं मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) ज्या रबरी ग्रोमेटमधून डिकीत शिरतं तिथूनच आत घ्या. नवं भोक पाडायची गरज पडत नाही.

रेडिओ

डॅशमधली जागा दोन डिनची आहे (डिन हे रेडिओच्या उंचीचं ठरलेलं माप). एक डिनचा रेडिओ आणि खाली खण, हेच या डॅशला शोभतं. मोठा टचस्क्रीन उघड्या छताखाली उन्हात आरशासारखा होतो. तीन जोड्या प्रीआउट (अँपकडे जाणारे आरसीए आउटपुट), किमान ४ व्होल्टचे, आणि आत हाय-पास (ठरावीक हर्ट्झच्या वरचाच आवाज सोडणारा) व लो-पास (खालचाच सोडणारा) फिल्टर असलेला घ्या. मधलं उभं पॅनल काढताना वरचे दोन गोल व्हेंट आधी बाहेर येतात. पट्टीखाली कापड घालून उचका, हे प्लास्टिक आता बिस्किटासारखं झालेलं असतं.

जुना गुंता कापण्याआधी बॅटरी सोडा आणि दहा मिनिटं थांबा. १९९४ च्या अमेरिकी गाडीत दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत, त्यांच्या तारांना मल्टिमीटर लावू नका. मूळ प्लग शिल्लक असेल तर अ‍ॅडॅप्टर हार्नेस घ्या आणि जोडणी टेबलावर बसून, क्रिंप किंवा सोल्डर आणि वर हीट-श्रिंक लावून करा. इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते. बाजारातल्या रेडिओंचे रंग बहुतेक सारखेच: पिवळी कायमचे १२ व्होल्ट, लाल चावीवरचे, काळी अर्थ, पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली त्याच रंगाची ऋण.

निळी आणि निळी-पांढरी यांत हमखास गल्लत होते. निळी फक्त अँटेनाची, निळी-पांढरी अँपच्या रिमोटची. अँप निळीवर जोडला तर बऱ्याच रेडिओंत एफएम लावलं की आवाज येतो आणि ब्लूटूथला गेलं की सगळं गप्प. उलट मोटरची अँटेना निळी-पांढरीवर टाकली तर ती कायम वर उभी राहते आणि कार वॉशमध्ये वाकते.

डोक्याजवळचे स्पीकर आणि सबवूफर

काही गाड्यांत सीटच्या डोक्यापाशी छोटे स्पीकर येतात. तुमच्यात असतील तर सोडू नका. कानापासून अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात, आणि हे तर वीतभर अंतरावर आहेत. वेगात बोल ऐकू यायला त्यांच्याइतकी मदत कशाचीच होत नाही. ते रेडिओच्या मागच्या चॅनलवरच ठेवा, २०० हर्ट्झचा हाय-पास लावा आणि दारांपेक्षा बरेच हळू ठेवा, नाहीतर गायक मानगुटीवर बसल्यासारखा वाटतो. जोडण्याआधी प्रत्येक चॅनलची ओहम मोजा. मीटरवर तीनच्या खाली दाखवत असेल तर दोन स्पीकर समांतर जोडलेले आहेत, ते एकामागोमाग एक करा.

सबवूफर डिकीत ठेवून उपयोग नाही. डिकी आणि केबिनमध्ये पत्र्याची अखंड भिंत आहे, मध्ये टाकी. बास मागच्या गाडीवाल्याला मिळतो. सीटखाली मावत नाही, सीट जमिनीलाच टेकलेली आहे. उरते ती प्रवाशाच्या पायापुढची जागा: आठ इंची, सीलबंद, १० लिटरच्या आसपासची उतरत्या तोंडाची पेटी फायरवॉलच्या कोपऱ्यात, तोंडावर मजबूत जाळी. कोपरा बासला उचल देतो. पण डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत त्याच गालिच्याखाली लोखंडी पत्र्याआड इंजिनचा ईसीयू (कंप्युटर) आहे. तिथे स्क्रू नको, आहेत त्या बोल्टांना पट्टी लावून पेटी आवळा. सुटी पेटी ठेवू नका, धडकेत सात-आठ किलो उडून पायावर येतात. दारं नीट केल्यावर महिनाभर ऐका आणि मगच ठरवा. बऱ्याच जणांना पेटी लागतच नाही.

जुळवणी

दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास, दर सप्तकाला १२ किंवा २४ डेसिबलच्या उताराने. सब त्याच ८० ला लो-पास. अँपवरचा गेन रेडिओच्या सिग्नलशी पातळी जुळवायला असतो, ती आवाजाची खुंटी नव्हे. स्पीकर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, रेडिओचा आवाज पाऊण ठेवा, ४०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन वाजवा आणि अँपच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५० वॉट ४ ओहमला १४.१ व्होल्ट. तिथे थांबा. सबच्या ब्रिज केलेल्या चॅनललाही हीच रीत, पण टोन ५० हर्ट्झचा आणि वॉटचा आकडा ब्रिजचा.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर फिल्टर विकत घ्यायला धावू नका. सगळं बंद करून अँपमधून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी थांबली तर दोष रेडिओच्या बाजूला आहे, बहुधा रेडिओचा अर्थ डॅशमधल्या एखाद्या रंगीत ब्रॅकेटवर लागलेला असतो. तो उघड्या पत्र्यावर न्या. तरीही असेल तर आरसीएच्या बाहेरच्या कड्यावरून रेडिओच्या धातूच्या खोक्याला तार टेकवा. शिट्टी लगेच मेली तर रेडिओच्या आतला आरसीएचा बारीक अर्थ-फ्यूज उडालाय. वीज चालू असताना आरसीए काढ-घाल केल्याने तो उडतो.

सगळं बंद करून, अर्ध्या तासाने बॅटरीच्या ऋण टोकाशी मालिकेत मीटर लावून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. तेवढाही दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो, आणि या गाडीची बॅटरी लहान आहे. हिवाळाभर गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर एजीएमला चालणारा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा.

इक्वलायझरचे दोन संच रेडिओत साठवा. बंद छताचा घरासमोर बसून करता येतो. उघड्या छताचा मात्र शेजारी कुणाला तरी बसवून हायवेवरच करावा लागतो: तुम्ही चालवा, बटणं शेजाऱ्याच्या हातात. १०० ते २०० हर्ट्झ तीन-चार डेसिबल वर आणि २ ते ४ किलोहर्ट्झ दोन डेसिबल वर, इथून सुरुवात करा.